पिस्तूल कमरेला, कायदा खुंटीला!

१८ जुलै २०२४ रोजी रायगड किल्ल्याच्या पायथ्याशी, महाड तालुक्यातील हिरकणीवाडी येथील एका लॉजमधून पुणे ग्रामीण पोलिसांनी मनोरमा खेडकर यांना अटक केली. मुळशी तालुक्यातील धडवली येथे जमिनीच्या वादात हाती पिस्तूल घेऊन त्या एका शेतकऱ्याला दरडावीत आहेत, अशी चित्रफीत त्या महिन्यात साऱ्या महाराष्ट्राने पाहिली होती. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. अपराधाचे वा निरपराधित्वाचे माप घेण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु या प्रकरणातील दोन गोष्टी निकालाची वाट न पाहताही ध्यानात घेण्याजोग्या आहेत. ते पिस्तूल परवान्याचे होते, ही पहिली. प्रसंग २०२३ च्या जून महिन्यातला आणि गुन्हा नोंदला गेला तो २०२४ च्या जुलैत, चित्रफितीचा गवगवा झाल्यावर, ही दुसरी. म्हणजे शस्त्र कायदेशीर होते, ते उघड्यावर आले होते, पाहणारे हजर होते. आणि तरीही वर्षभर कायदा खुंटीला टांगलेला होता!

त्याच वर्षी २ फेब्रुवारीला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात याहून भयंकर प्रकार घडला. आमदार गणपत गायकवाड यांनी ठाण्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याच्या दालनातच महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या, असा आरोप आहे. तेथेही मूळ वाद जमिनीचाच होता. मुळशी असो की उल्हासनगर, जेथे जमिनीचा भाव वाढतो तेथे पिस्तुलाची हौस वाढते, असा अर्थ या दोन प्रसंगांतून कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही.

जमिनीचा भाव आणि पिस्तुलाचा धाक

हे आम्ही आज आवर्जून लिहीत आहोत ते रायगडच्या किनारपट्टीकडे पाहून. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहने वाहून नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. कालपर्यंत जो किनारा मुंबईकराला शनिवार-रविवारच्या सहलीपुरता ठाऊक होता, तो आज त्याच्या दाराशी येऊन ठेपला आहे. आवास, किहीम, नागाव, काशीद, दिवेआगर येथील नारळी-पोफळीच्या वाड्यांना आता मोल आले आहे. आणि मोलाबरोबर दलाल, मोजणीचे तंटे, कुंपणावरून होणारी भांडणे व भावाभावांतील हिश्शांचे वादही आले आहेत. असल्या व्यवहारात बोलणी फिसकटली की काळा चष्मा घातलेले दोन धटिंगण बरोबर आणावयाचे आणि सदरा किंचित वर सरकवून कमरेचे पिस्तूल दिसू द्यावयाचे, ही रीत महानगरांच्या परिघावर रुजलेली आहे. ती रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंत रुजावयाची की नाही, हे ठरविण्याची वेळ पहिली गोळी सुटल्यानंतरची नव्हे. ती आजची आहे.

कायदा काय म्हणतो?

पुष्कळ सुशिक्षितांचीही अशी समजूत असते की, परवाना मिळाला म्हणजे पिस्तूल मिरविण्याचा हक्क मिळाला. ही समजूत निखालस चुकीची आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम व २०१६ चे शस्त्र नियम यांनी परवाना म्हणजे काय आणि काय नव्हे हे पुरेसे स्पष्ट केले आहे. सार्वजनिक जागी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर न्यावयाचे तर ते त्यासाठीच बनविलेल्या म्यानात म्हणजे होल्स्टरमध्ये वा तत्सम पिशवीत असले पाहिजे. ते पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे. आणि बाळगणाऱ्याचा त्यावर पुरता ताबा असला पाहिजे. ते परजून दाखविण्यास सक्त मनाई आहे. खास परवानगीवाचून जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात वा शिक्षणसंस्थेच्या आवारात ते नेता येत नाही. म्हणजे चौलच्या दत्तजयंतीच्या जत्रेत एखादा गावपुढारी कमरेला पिस्तूल लावून हिंडला, तर ती त्याची प्रतिष्ठा नव्हे. तो परवान्याच्या शर्तीचा भंग होय. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि लग्नात वा समारंभात हर्षाने हवेत गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली.

इतका नेटका नियम असताना उघडी पिस्तुले दिसतात कशी? याचे एक उत्तर त्याच अधिनियमाच्या तिसाव्या कलमात आहे. जेथे वेगळी शिक्षा सांगितलेली नाही तेथे परवान्याच्या शर्तीचा भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही! ज्या गृहस्थाने लाखभर रुपये मोजून रिव्हॉल्व्हर घेतले आणि ज्याची गाडी तीस लाखांची आहे, त्याला दोन हजारांच्या दंडाचे भय ते काय वाटणार? शिक्षा अशी की तिने गुन्हेगार हसावा, आणि अंमलबजावणी अशी की ती शिक्षादेखील क्वचितच कोणाच्या वाट्यास यावी.

हक्क नव्हे, सोपविलेला विश्वास

शस्त्र बाळगणे हा आमचा हक्क आहे, असे कोणी म्हणेल. या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो रायगडच्या मातीला परका नाही. लॉर्ड लिटनच्या सरकारने १८७८ साली शस्त्रबंदीचा कायदा करून हिंदी माणसाला निःशस्त्र केले. त्याच्या पुढच्याच वर्षी पनवेल तालुक्यातील शिरढोणचे सुपुत्र वासुदेव बळवंत फडके यांनी शस्त्र हाती घेऊन परसत्तेविरुद्ध बंड पुकारले. राज्यकर्ता सशस्त्र आणि रयत निःशस्त्र, हा अपमान देशाने दीर्घकाळ उरी बाळगला. म्हणूनच काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नागरिकाच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काला, नियमांच्या अधीन राहून, स्थान मिळाले.

परंतु स्वराज्य आल्यावर विचार बदलला, आणि तो विचारपूर्वक बदलला. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला व ती फेटाळली गेली. असा हक्क सरसकट दिला तर तो चोराला व दरोडेखोरालाही द्यावा लागेल, हा आक्षेप खोडून काढणे सोपे नव्हते. उलट, एकोणिसाव्या अनुच्छेदात सभास्वातंत्र्य दिले तेच मुळी शांततेने व विनाशस्त्र जमण्याचे. स्वतंत्र भारताच्या नागरिकाचे सामर्थ्य त्याच्या मतात आणि त्याच्या न्यायालयात आहे, कमरपट्ट्यात नाही, हा या निर्णयाचा अर्थ होय. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा शस्त्रांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हाही अमेरिकेप्रमाणे येथे शस्त्र बाळगण्याचा घटनात्मक हक्क नाही, हे त्याने पुन्हा बजावले.

अमेरिकेचे उदाहरण देणाऱ्यांनी ते पुरते द्यावे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये घराबाहेर पिस्तूल बाळगणे हा घटनात्मक हक्क ठरविला. अर्ध्याहून अधिक राज्यांत त्यासाठी परवानाही लागत नाही. त्याच देशात २०२१ या एका वर्षात बंदुकीच्या गोळीने ४८ हजारांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. घरातले पिस्तूल दरोडेखोराची वाट पाहत असते. पण बहुधा घरातल्याच माणसाचा दुबळा क्षण त्याला आधी गाठतो.

खटका किती पुरा पडतो?

आता या शस्त्रांच्या घडणीकडे वळू; कारण ‘माझ्या पिस्तुलाला खटका आहे, ते आपोआप कसे सुटेल?’ असा विश्वास अनेकांच्या मनात असतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांना जुहू येथील राहत्या घरी स्वतःच्याच परवानाधारी रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. प्रवासास निघण्यापूर्वी ते ठेवत असताना हातून पडले आणि सुटले, असे सांगण्यात आले. जखम पायावर निभावली हे दैव. हातभर वर लागती तर?

पडलेले शस्त्र का सुटते, हे समजणे कठीण नाही. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली विसावला की त्याचे टोक थेट काडतुसाच्या बुडावर टेकते. असे शस्त्र घोड्यावर आपटून पडले की चाप न ओढताही गोळी सुटते. म्हणून एकोणिसाव्या शतकातील जाणते अमेरिकन सहा घरांच्या चक्रात पाचच काडतुसे भरीत व घोड्याखालचे घर रिकामे ठेवीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी, १९४४ साली, एका अमेरिकी नौकेवर हातून पडलेल्या रिव्हॉल्व्हरने एका खलाशाचा बळी घेतला, तेव्हा स्मिथ अँड वेसन या कंपनीने घोडा व काडतूस यांच्यामध्ये आडवा येणारा पोलादी अडसर नव्याने घडविला. पुढे चाप पुरता ओढल्याखेरीज घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोहोचूच नये, अशीही योजना रूढ झाली. आज आपल्याकडे मिळणाऱ्या नव्या शस्त्रांबरोबरच वडिलांकडून वारशाने आलेली जुनी शस्त्रेही कपाटांत पडून आहेत. त्यांपैकी कोणत्यात हा अडसर आहे व कोणत्यात नाही, हे किती मालकांना ठाऊक असेल?

नळीत काडतूस आपोआप चढविणाऱ्या पिस्तुलांची गोष्ट आणखी निराळी. त्यांतील काडतुसांची पेटी काढून घेतली म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे नवख्याला वाटते. नळीत चढलेले एक काडतूस मात्र आतच असते. ‘रिकाम्या’ पिस्तुलाने झालेल्या कितीतरी अपघातांचे मूळ या एका विसरलेल्या काडतुसात आहे. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉक पिस्तुलाने तर बाहेरचा खटकाच काढून टाकला. त्याला तीन अडसर आहेत आणि चाप ओढला की ते तिन्ही आपोआप दूर होतात. पडण्यापासून हे शस्त्र सुरक्षित खरे. पण चापाला बोट लागले काय किंवा सदऱ्याचा शेव, पिशवीचा बंद अडकला काय, त्याला दोन्ही सारखेच. म्हणून अशा पिस्तुलाचा खरा खटका म्हणजे चाप झाकणारे कडक म्यान. चित्रपटातील खलनायकाप्रमाणे ते विजारीत नुसते खोचणाऱ्याने तो खटका स्वतःच्या हाताने काढून फेकलेला असतो. आमचा नियम म्यानाचा व झाकण्याचा आग्रह धरतो तो केवळ शिष्टाचारासाठी नव्हे, हे यावरून कळेल.

आधुनिक कारखान्यांचीही फसगत होते. अमेरिकी सैन्याने २०१७ साली ज्या रचनेचे पिस्तूल स्वीकारले, त्या सिग सावर पी-३२० ची नागरी आवृत्ती विशिष्ट कोनातून पडल्यास सुटते, असे त्याच वर्षी आढळून आले व कंपनीने मोफत सुधारणा देऊ केली. पुढे चाप न ओढताच गोळी सुटल्याच्या तक्रारींवरून दावे उभे राहिले. कंपनी दोष नाकारते. परंतु २०२४ च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियातील पंचांनी एका जखमी माणसाला एक कोटी दहा लाख डॉलरची भरपाई देवविली. जेथे प्रयोगशाळा आहेत, जाणते ग्राहक आहेत, दावे चालविणारी न्यायालये आहेत, तेथे ही कथा. मग जेथे परवान्याचे नूतनीकरण म्हणजे कागदावरचा शिक्का, तेथे कपाटातल्या जुन्या शस्त्राची परीक्षा कोण करणार?

आणि सर्व अडसर शाबूत असले, तरी एक अडसर कोणताही कारागीर घडवू शकत नाही. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा बोरिवलीत खून झाला, तो मारेकऱ्याच्या खासगी अंगरक्षकाच्या परवान्यावरील पिस्तुलाने. परवाना एकाचा, हात दुसऱ्याचा! पिस्तूल निर्दोष होते; ते ठेवण्याची पद्धत सदोष होती.

दिसणारे शस्त्र वाचविते काय?

शस्त्र दिसले तर हल्लेखोर कचरतो, हा उघड्या पिस्तुलाचा शेवटचा युक्तिवाद. खंडणीच्या धमक्यांनी गांजलेल्या व्यापाऱ्याची भीती खोटी असते असे आम्ही म्हणणार नाही. खऱ्या धोक्यात असलेल्यास परवाना जरूर मिळावा. परंतु १२ ऑक्टोबर २०२४ रोजी वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांचा खून झाला, तेव्हा पोलिसांचे संरक्षण असूनही मारेकऱ्यांचे हात थांबले नाहीत. ठरवून येणारा मारेकरी शस्त्र पाहून परतत नाही. प्रथम कोणावर झडप घालावयाची, एवढेच त्याला त्यावरून कळते. उघडे पिस्तूल पाहून खरोखर कचरतो तो कोण? मोजणीच्या दिवशी बांधावर उभा असलेला कुळाचा माणूस, ग्रामसभेत प्रश्न विचारणारी बाई, तक्रार द्यावयास निघालेला वाडीवाला. म्हणजे ज्याच्यापासून संरक्षण हवे त्याच्यावर या शस्त्राचा काही परिणाम नाही, आणि ज्याला संरक्षण हवे त्याच्यावरच ते रोखलेले आहे!

येथे आमच्या कोकणी शेतकऱ्याशी तुलना करून पाहावी. त्याच्याकडेही परवाना असतो, तो शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा. ती बहुधा जुनी ठासणीची असते, रानडुकरे व माकडे हाकलण्याच्या कामाची असते. आणि निवडणूक आली की भातशेतीचे काय होईल या चिंतेत तो ती मुकाट्याने पोलीस ठाण्यात जमा करतो. त्याची बंदूक हे अवजार आहे. कमरेचे दिखाऊ पिस्तूल हा दागिना आहे. अवजाराचे नियम पाळणारा गरीब, आणि दागिना मिरविणारा निर्धास्त, हा न्याय उफराटा आहे.

समुद्राकडे पाहा, रस्त्याकडेही पाहा

शस्त्र म्हणजे काय हे या किनाऱ्याला शिकविण्याची गरज नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे स्फोटके व शस्त्रे उतरली. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याशी एक बेवारस नौका लागली आणि तीत तीन एके-४७ रायफली सापडल्या, तेव्हा सारे राज्य खडबडून जागे झाले. यंत्र बिघडल्याने खलाशांनी भर समुद्रात सोडलेली ती नौका वाहत आली होती, एवढेच पुढे निष्पन्न झाले. तरी त्या दिवशीची दक्षता योग्यच होती. आमचे म्हणणे इतकेच की, समुद्रावरून येणाऱ्या बंदुकीसाठी जी नजर आहे, तिचा अर्धा हिस्सा तरी महामार्गाने येणाऱ्या परवान्याच्या पिस्तुलाकडे वळावा.

हे अशक्य नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा निर्घृण खून झाला, त्यानंतर बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे उजेडात आले. छाननी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द करण्यात आले. जे परवाने छाननीत टिकले नाहीत, ते दिले कोणी आणि इतकी वर्षे राखले कोणी? एका सरपंचाचे प्राण गेल्यावाचून सरकारी दप्तराची धूळ झटकली जात नसेल, तर त्या दप्तराला जिवंत कसे म्हणावे? २०२५ च्या ऑक्टोबरात तर पुण्याच्या पोलीस आयुक्तांनी नाकारलेला परवाना मंत्रालयात अपिलात मंजूर झाल्याचे प्रकरण गाजले. गल्लीतल्या पोलिसाने नाही म्हणावे आणि दिल्लीगेल्यागत मंत्रालयाने हो म्हणावे, ही वाट उघडी असेल तर खालच्या छाननीला अर्थ उरत नाही.

काय करावे?

रायगड जिल्ह्यात परवाने देण्याचा अधिकार अलिबागच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. पनवेल-उरणचा जो भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात मोडतो तेथे तो आयुक्तांकडे आहे. या दोघांनी बीडची वाट न धरता, खुनाआधीच, आपापल्या दप्तरातील प्रत्येक स्वसंरक्षणाच्या परवान्याची फेरतपासणी करावी आणि नावे न देता आकडे दरवर्षी प्रसिद्ध करावेत. उघडे पिस्तूल दिसल्याची पहिलीच तक्रार वा पहिलीच चित्रफीत ठाण्यात आली की, गवगव्याची वाट न पाहता, सतराव्या कलमाखाली परवाना स्थगित करण्याचा प्रस्ताव जावा. दर पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी केवळ माणसाची नव्हे तर शस्त्राचीही परीक्षा व्हावी. पोलीस दलातील शस्त्रतज्ज्ञाने ते पडल्यास सुटते की नाही हे पाहावे आणि निकामी अडसराचे शस्त्र परत देऊ नये. प्रशिक्षण व सुरक्षित साठवण यांची जी हमी २०१६ च्या नियमांनी मागितली आहे, ती कागदावर न घेता घरी जाऊन पाहावी. पैशाने घेतलेल्या अंगरक्षकांची व त्यांच्या शस्त्रांची नोंद ते ज्या हद्दीत वावरतात तेथील ठाण्यात असावी. अपिलात परवाना मंजूर करणाऱ्या मंत्र्याने त्याची कारणे लेखी व जाहीर द्यावीत. आणि संसदेने तिसाव्या कलमातील दोन हजारांचा तो थट्टेचा दंड बदलावा. शस्त्र उघडे करणाऱ्याचा परवाना कायमचा जाईल, एवढे एक वाक्य त्यात घातले तरी पुष्कळ कमरा हलक्या होतील.

यातील बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही, नवा पैसाही लागत नाही. लागते ती फक्त बड्या माणसाच्या कमरेकडे पाहून नजर खाली न घालण्याची हिंमत. पिस्तुलाचा खटका कारखान्यात बसविता येतो, पण सत्तेच्या आणि संपत्तीच्या मदाला खटका बसवावयाचा तर तो शासनानेच बसवावा लागतो. रायगडचा किनारा अजून शांत आहे. तो शांत आहे तोवरच कायदा खुंटीवरून काढून हाती घेतला, तर तो वापरण्याची वेळ क्वचित येईल. उशीर झाला, तर त्या वेळी बोलेल ते पिस्तूल, आणि आपण सारे, अधिकारी आणि नागरिक, पुन्हा एकदा कोणाची तरी चित्रफीत पाहत बसू.